मीटर घेण्याआधी ठरवा, प्रोब कुठे लागणार

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईजवळ मल्टिमीटर मागितला, की दुकानदार बहुधा पिवळा ८३० समोर ठेवतो. दीड-दोनशे रुपयांचा. शेजारी उभा असलेला जाणकार म्हणतो, "घ्यायचाच तर फ्लूक घ्या." त्याचा भाव ऐकला की गिऱ्हाईक निमूटपणे पिवळाच पिशवीत टाकतं. माझं सांगणं एवढंच, की खिशात हात घालण्याआधी या मीटरचे प्रोब कुठे टेकणार आहेत ते ठरवा. सर्किट बोर्डावर, की विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये? त्यावरून मीटर आपोआप ठरतो.

साधारण भाव

• पिवळा डीटी-८३०डी: १५० ते ३०० रुपये
• मास्टेक, एचटीसी, युनि-टी यांचे छोटे मीटर: ६०० ते १,५०० रुपये
• नवी मुंबईचे मेको, नाशिकचे ऋषभ आणि मोटवाने यांचे रोजच्या कामाचे मीटर: २,००० ते ६,००० रुपये
• फ्लूक १०१: साधारण ५,००० रुपये, १७बी+: १२,००० च्या पुढे, ८७-व्ही: ४०,००० च्या वर

दुकानागणिक भाव थोडे खालीवर होतात. दोन ठिकाणी विचारूनच घ्या.

जास्तीचे पैसे कशाचे?

दोन मीटर शेजारी ठेवून मागचं झाकण उघडा. पिवळ्यात १० अँपिअरच्या भोकापासून 'कॉम' लिहिलेल्या भोकापर्यंत तांब्याची एक जाड तार गेलेली दिसेल. मध्ये फ्यूज नाही. दर्शनी भागावर तसं बारीक अक्षरात छापलेलंही असतं. लाल प्रोब चुकून त्याच भोकात राहिला आणि आपण तो २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला, तर तो सरळ शॉर्ट सर्किट होतो. करंट मोजणाऱ्या चांगल्या मीटरमध्ये त्या जागी वाळू भरलेला जाड सिरॅमिक फ्यूज असतो. तो आतल्या आत ठिणगी विझवतो. काचेचा छोटा फ्यूज अशा वेळी फुटू शकतो.

दुसरी गोष्ट 'कॅट' हा सुरक्षेच्या श्रेणीचा शिक्का. शेतातल्या मोटारीचा थ्री-फेज पुरवठा ४१५ व्होल्टचा, पण लाटेचं टोक ५८७ व्होल्टपर्यंत जातं. मोटार बंद होताना किंवा वीज पडताना क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येऊ शकतो. 'कॅट-३, ६०० व्होल्ट' असा खरा शिक्का असलेला मीटर ६,००० व्होल्टचा झटका सोसेल, अशी त्याची चाचणी झालेली असते. पिवळ्यावर ७५० व्होल्ट छापलेलं असतं, पण तो आकडा म्हणजे फक्त मोजण्याची मर्यादा. झटका सोसण्याची हमी त्यात नाही.

सौर पंपवाल्यांनी आणखी जपायला हवं. एका पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज ४०-५० व्होल्ट. असे आठ-दहा एका ओळीत जोडले की ४०० च्या आसपास डीसी तयार होतो. एसी दर फेऱ्यात शून्यावर येतो, डीसी येत नाही, म्हणून त्याची ठिणगी लवकर तुटत नाही.

कुणी कोणता घ्यावा?

आयटीआयमध्ये किंवा लातूरच्या पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलांनी पिवळा घ्यायला हरकत नाही. सेल, एलईडी, रेझिस्टर, ५ ते २४ व्होल्टची सर्किटं एवढ्यापुरता तो उत्तम आहे. घरच्या चालू लाइनला मात्र लावू नका.

मोबाईल-टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर ६०० ते १,५०० चा घ्या. कंटिन्युइटीचा बीप प्रोब टेकताच वाजला पाहिजे. दिवसातून शेकडो वेळा तोच लागतो. शिवाय अनेक पिवळ्या मीटरचा अंतर्गत रोध १ मेगओहम असतो, चांगल्यांचा १०. नाजूक सर्किटवर पिवळा स्वतःच व्होल्टेज खाली ओढतो.

वायरमन, मोटार रिवाइंडिंगवाले, बोअरच्या पंपावर जाणारे यांनी कॅट-३च्या खाली उतरूच नये. काटकसर दुसरीकडे करा. इन्व्हर्टर आणि पंपाच्या ड्राइव्हवर काम असेल, तर 'ट्रू आरएमएस' लिहिलेलाच बघा. साधा मीटर तिथे चुकीचा आकडा दाखवतो. महाग मीटरमध्ये सगळं असतं असंही समजू नका. फ्लूक १०१ कॅट-३ आहे, पण तो करंट मोजत नाही आणि ट्रू आरएमएसही नाही.

दुकानातच करायच्या चाचण्या

१. २०० ओहमवर दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा खाली स्थिर आकडा हवा. वायर हलवल्यावर तो नाचला, तर प्रोब बदलून मागा.
२. नवा सेल मोजा, आणि तोच सेल दुकानातल्या चांगल्या मीटरवर मोजून ताडून पाहा.
३. जीएसटीसह पक्कं बिल घ्या. वॉरंटी त्याच्यावरच चालते. तक्रार अडली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

नंतरचा खर्च

चांगल्या मीटरचा सिरॅमिक फ्यूज एकेक पाचशेच्या पुढे जाऊ शकतो. तरी त्या जागी तार गुंडाळू नका. ज्यासाठी हजारो मोजले, तेच त्या तारेत जातं. सिलिकॉनचे प्रोब तीनशे ते सातशेत येतात आणि उन्हाळ्यात-हिवाळ्यात कडक होत नाहीत. मीटरची ९ व्होल्टची बॅटरी वेळेवर बदला. ती उतरली की पिवळा मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. इन्व्हर्टरची भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, उतरलेली ११.८ च्या आसपास. निकाल एका व्होल्टाच्याही आत लागतो, आणि अशा मीटरवर मेलेली बॅटरी धडधाकट दिसते.

सवय मात्र फुकट मिळते. लाइन बंद केली, की मीटर आधी चालू असलेल्या दुसऱ्या लाइनवर लावून बघा, मग बंद लाइनवर, आणि पुन्हा चालू लाइनवर. शून्य दिसलं म्हणजे वीज नाही असं होत नाही. प्रोबची वायर आतून तुटली असेल, तरी शून्यच दिसतं. दोनशेचा असो की चाळीस हजारांचा, हात घालण्याआधी ही तीन मोजणी चुकवू नका.