वाडीपर्यंतचा बिनतारी दुवा

भारतनेट योजनेची प्रकाशतंतू वाहिनी ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची आखणी आहे. सावनेरसारख्या तालुक्यात तेथून शाळा, उपकेंद्र वा वाडीपर्यंतचे अंतर हाच खरा प्रश्न उरतो.

हे अंतर बिनतारी लहरींनी तोडणे परवडू लागले ते मानकामुळे. १९९७ साली ८०२.११ हे मानक ठरले, तेव्हा गती सेकंदास अवघी २ मेगाबिट होती. १९९९ च्या सुधारणेने ती ११ वर गेली. गतीहून मोलाची गोष्ट ही की, निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे एकमेकांशी जुळू लागली व स्वस्त झाली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला.

तथापि या लहरींची लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर. दाट संत्राबागेची पाने त्यांना शोषून घेतात. मुंबईच्या आय.आय.टी.ने पालघर जिल्ह्यातील गावांत दूरचित्रवाणीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील रिकाम्या वाहिन्या वापरून पाहिल्या. अर्ध्या मीटरहून लांब अशा या लहरी झाडीतूनही बऱ्याच पुढे जातात. मात्र हा पट्टा परवानामुक्त नसल्याने प्रयोगासाठीही विशेष परवानगी लागली.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही परवान्याविना सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो. केंद्राची जागा ठरवताना ग्रामपंचायतीने मधली झाडी आधी पाहावी आणि वीज गेल्यावर चालेल अशा बॅटरीची तरतूद अंदाजपत्रकातच करावी.