वर्गात टॅब येण्यापूर्वी

करंजाडे, पनवेल
मे महिन्याची अखेर

चिरंजीव अविनाश यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. उन्हाळी सुट्टी लागण्याच्या सुमारास तुमच्या शाळेत कोण्या कंपनीच्या सामाजिक निधीतून वीस टॅब येऊन दाखल झाले, 'तुम्ही त्यातल्या त्यात तरुण आहात, तुम्हीच सांभाळा' एवढ्या एका वाक्यात मुख्याध्यापकांनी त्यांचा सारा कारभार तुझ्या गळ्यात घातला, आणि जूनमध्ये शाळा उघडताच ते सहावीच्या वर्गात चालू झाले पाहिजेत असा तोंडी हुकूमही सुटला, हे सर्व वाचून झाल्यावर मला त्या टॅबांपेक्षा तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीचीच अधिक काळजी वाटली. 'खडूफळ्यावर मी सुखी होतो,' असे तू लिहितोस. चाळिशीही न गाठलेल्या शिक्षकाने असे लिहावे हे मला रुचले नाही. फोनवर हे बोलता आले असते. परंतु फोनवरचा उपदेश ऐकणारा मध्येच 'हो, हो' म्हणून तो आटोपता घेतो, आणि मला पुष्कळ सांगावयाचे आहे.

प्रथम तुझ्या भीतीविषयी. मुलांना हे यंत्र आपल्यापेक्षा अधिक येते, उद्या तीच आपल्याला शिकवू लागतील आणि मग वर्गात आपला वचक उरणार नाही, अशी तुझी समजूत झालेली दिसते. मुलांना नेमके काय येते ते मी रोज पाहते. आमच्या इमारतीच्या जिन्यावर संध्याकाळी चार-पाच पोरे एका मोबाइलभोवती डोकी एकवटून बसतात. त्यांची बोटे पडद्यावर इतक्या चपळाईने फिरतात की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे. त्यांच्यापैकी सातवीतल्या एकाला मी परवा म्हटले, याच यंत्रात पाहून पनवेल ते अलिबाग अंतर किती ते सांग. त्याने यंत्राला तोंडीच प्रश्न केला, समोर आलेला पहिला आकडा मोठ्याने वाचला, आणि हे किलोमीटर आहेत की प्रवासाला लागणारी मिनिटे, असे विचारताच तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. तुझे काम तेथून सुरू होते. मुलाने एखादे बटण दाखवले तर ते सर्वांच्या देखत शिकून घे, त्याला शाबासकी दे आणि लगोलग त्या आकड्याविषयीचा पुढचा प्रश्न विचार. वचक राहतो तो त्या पुढच्या प्रश्नामुळे.

शिक्षकाची चिंता यंत्राने वाहावी ही आशा आपल्या राज्यात काही आजची नाही. १९८४ मध्ये पुण्यास बालचित्रवाणीची स्थापना झाली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून दिसू लागले. कार्यक्रम मेहनतीने केलेले असत, हे मी इमानेइतबारे सांगते. परंतु प्रक्षेपणाची वेळ आणि वर्गाचे वेळापत्रक यांची गाठ क्वचितच पडे, आणि दूरदर्शन संच बंद केल्यानंतरच्या वीस मिनिटांत शिक्षकाने काय करावयाचे याचा विचार करण्यास कोणाला सवड नव्हती. २०१७ मध्ये ती संस्थाच बंद झाली.

त्याहून जवळचे उदाहरण आपल्या रायगड जिल्ह्यातलेच आहे, आणि ते तुझ्या पिढीच्या शिक्षकांना ठाऊक नसावे याचे मला नवल वाटते. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' ही अमेरिकेत निघालेली योजना भारतात प्रथम आजमावली गेली ती २००७ मध्ये, कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, कानांसारख्या दोन अँटेना उभारणारे, पडदा फिरवून मिटला की पाटीसारखे हातात धरता येणारे आणि उन्हातही वाचता येणारे ते चिमुकले यंत्र तेथील वीसएक मुलांच्या हाती पडले. योजनेचे प्रवर्तक निकोलस निग्रोपॉन्टी यांची श्रद्धा अशी की मूल यंत्राच्या संगतीत आपले आपण शिकते. खैरातच्या त्या मूठभर मुलांसमोर निदान एक शिक्षक रोज उभा तरी होता. परंतु पेरू देशाने हीच यंत्रे लाखांच्या संख्येने वाटली, शिक्षकांची तयारी त्या वेगाने झाली नाही, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांच्या गणितात वा भाषेत त्या यंत्रांमुळे फरक पडल्याचे काही आढळले नाही.

मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या बावीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना टॅब दिले, तेव्हा दप्तराचे ओझे हलके व्हावे हा हेतू स्तुत्यच होता, आणि त्यासाठी पाठ्यपुस्तके टॅबात भरून दिली होती. पुढे २०१८ मध्ये राज्यातील आठवीचे पाठ्यपुस्तकच बदलले. छापील पुस्तक बदलले म्हणजे बालभारतीच्या भांडारातून नवे गठ्ठे येतात आणि प्रश्न मिटतो. यंत्रातले पुस्तक बदलावयाचे तर निविदा, मंजुरी, देखभालीचा करार, नादुरुस्त संचांची यादी अशी वरात निघते. टॅब आल्याच्या समारंभात हे कोणी बोलत नाही.

याच महाराष्ट्रात निराळेही घडलेले आहे. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने गावकऱ्यांना बरोबर घेऊन साधने जमवली, विजेची शाश्वती नाही म्हणून सौरऊर्जेची सोय केली, आणि मग ती शाळा पाहावयास दुरून लोक येऊ लागले. माढा तालुक्यातील परितेवाडीस रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानांना क्यूआर कोडची जोड दिली, आणि २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरांचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु आपल्या शाळेतील मुलींची घरची भाषा कानडी आहे हे ध्यानी येताच ते कानडी शिकले, ही गोष्ट मला त्या डॉलरांहून वजनदार वाटते. या दोन्ही ठिकाणी यंत्र आधी शिक्षकाच्या हाती होते आणि मागाहून मुलांच्या.

माझा सारा आग्रह एवढ्यासाठीच आहे. शाळा उघडण्यास पंधरवडा आहे. मुख्याध्यापकांकडून एक टॅब रीतसर पोचपावती लिहून घरी घेऊन ये, आणि सहावीच्या गणितातला अपूर्णांकांचा एकच धडा घेऊन त्याच्याशी झुंज. पडद्यावर भाकरीचे तुकडे होतात, तीन चतुर्थांश आणि पाच अष्टमांश समोरासमोर येतात, मोठा कोणता म्हणून मूल एकावर बोट ठेवते, चुकले तर लाल खूण उमटते, दुसऱ्यावर ठेवले की हिरवी. चार वेळा बोट आपटून हिरवी खूण मिळवणारे मूल आणि विचार करून मिळवणारे मूल यांतला भेद यंत्राच्या गुणपत्रकात नेहमी दिसतोच असे नाही. तो तुला दिसला पाहिजे. म्हणून पडद्याला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपले उत्तर वहीत लिहावे, आणि ते का, हे एका ओळीत सांगावे, असा दंडक घाल. चाळीस मुलांत वीस टॅब ही उणीव मानू नकोस. एकाने टॅब धरावा, दुसऱ्याने वही, आणि दहा मिनिटांनी अदलाबदल करावी. मी तर वीसच्या जागी चाळीस आले असते तरी अर्धे कपाटात ठेवले असते.

तुझ्या टाचणवहीत आजवर उद्देश, साहित्य, अध्यापन, मूल्यमापन असे रकाने भरलेस. आता त्या पानाच्या समासात आणखी तीन नोंदी कर: टॅब कितव्या मिनिटाला उघडावयाचा, उघडा असताना मी कोणता प्रश्न विचारणार, आणि कितव्या मिनिटाला तो मिटून बाकावर पालथा ठेवावयाचा. तिसरी नोंद सर्वांत अवघड आहे, आणि ज्या शिक्षकाला ती साधली त्याला बाकीचे आपोआप साधेल. वर्गात नेट मिळणार नाही असेच गृहीत धर. २०१७ पासून चालू असलेल्या दीक्षा अॅपवरील पाठ आदल्या दिवशी उतरवून ठेवता येतात, ते ठेव. तुमच्या वर्गात प्लग किती आहेत ते मोज. वीस टॅब एका वेळी चार्ज होणार नसतील तर कोणते कधी लावावयाचे हे मुलांतल्या दोघांवर पाळीपाळीने सोपव, आणि फळ्याजवळच्या बोर्डावर ते लावू नकोस. खडूची भुकटी चार्जिंगच्या छिद्रात बसते आणि मग पिन अडकत नाही.

आता ज्या विषयावर कोणत्याही प्रशिक्षणात चकार शब्द निघत नाही त्याकडे वळते. टॅब आल्या दिवशीच त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात झाली असेल. आपल्या खात्यात एक विलक्षण मनोवृत्ती मुरलेली आहे: एकदा वस्तू त्या रजिस्टरात चढली की ती वापरण्यासाठी नसून तपासणीच्या दिवशी मोजून दाखवण्यासाठी आहे, असे सर्वांना वाटू लागते. फुटला तर वसुली आपल्या पगारातून होईल, या धास्तीने प्रयोगशाळेच्या काचेच्या नळ्या, पृथ्वीचे गोल, संगणकसुद्धा कुलूपबंद राहून जीर्ण झालेले मी पाहिले आहेत. शिक्षकाला यंत्र नको असते हा आक्षेप जे लोक घेतात त्यांनी ही धास्ती कधी विचारात घेतलेली नाही. तू शाळा उघडताच पहिल्याच सभेत हा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेव. नेहमीच्या वापरात टॅब बिघडल्यास जबाबदारी एकट्या शिक्षकाची नसेल, दुरुस्तीची तजवीज अमुक रकमेतून होईल, आणि दुरुस्त न होणाऱ्याचे निर्लेखन रीतसर प्रस्तावित केले जाईल, असा ठराव इतिवृत्तात लिहून घे आणि केंद्रप्रमुख भेटीस आले की त्यांच्या नजरेखालून घाल. कागद हाती असला की हात मोकळा होतो. देणगीदार कंपनीचा माणूस फोटो काढण्यास येईल तेव्हा त्याच्याकडे नवा फलक न मागता पडद्याच्या काचांचा आणि चार्जरचा एक जादा संच माग.

टॅब कोठे खरोखरच उपयोगी पडेल, असे तू विचारले आहेस. माझ्या मते, जे फळ्यावर काढता येत नाही आणि मुलाच्या आयुष्याला मात्र लागून आहे, तेथे. बदलीने तू आता आमच्या करंजाड्याच्या अंगाला आला आहेस. तुझ्या वर्गात नवी मुंबई विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपैकी चिंचपाडा, कोपर, कोल्ही या गावांच्या घरांतली मुले असतील. त्यांच्या डोक्यावरून विमाने जातात, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालेले उद्घाटन त्यांनी पाहिले आहे. पण जेथे धावपट्टी आहे तेथे उलव्याची टेकडी होती आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला, हे त्यांतल्या किती जणांना सांगता येईल? गूगल अर्थवर मागच्या सालांची उपग्रहचित्रे पाहता येतात; वर्गात नेट नसेल म्हणून ती आदल्या दिवशीच टॅबवर साठवून ठेव. एका जोडीस जुने चित्र दे, दुसरीस आजचे. टेकडीची सावली कोठे पडली आहे, नदीचे वळण कोठे पुसले गेले आहे, खाडीकाठची मिठागरे आणि शेते कोठवर होती, हे त्यांना वहीत रेखाटू दे. मग टॅब मिटवून त्यांना घरी पाठव, आणि आजीला विचारून तिच्या घराची, विहिरीची, देवळाची जागा त्या रेखाटनावर मांडून आणावयास सांग. उपग्रहाला छपरे दिसतात; ते घर कोणाचे होते हे आजीच सांगू शकते. सहावीच्या भूगोलातला नकाशा एवढ्या जिवंतपणे शिकवण्याचे भाग्य फार थोड्या शिक्षकांस लाभते. एक सावधगिरी मात्र बाळग: मोबदल्याच्या वादांवरून घराघरांत दुखणी आहेत, ती वर्गात उकरू नकोस.

तुमच्या शाळेतील दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या गुरुजींनी टॅबला हात लावणार नाही म्हणून सांगितले, त्याचा तू थोडा थट्टेच्या सुरात उल्लेख केला आहेस. ते मला आवडले नाही. अपूर्णांकात मूल कोठे अडखळते हे त्यांना तुझ्याहून चांगले ठाऊक आहे. टाळेबंदीच्या काळात आईबापांच्या एकुलत्या मोबाइलवर गृहपाठ पाठवणाऱ्या याच पिढीने खात्याची लाज राखली. त्यांना बटणे शिकवण्याच्या भानगडीत पडू नकोस. तू टॅब हाताळ आणि त्यांना वर्गात फिरून मुलांच्या वह्या पाहावयास सांग. महिन्याभरात ते स्वतःच एखाद्या पोराच्या खांद्यावरून वाकून विचारतील. आणि नाहीच विचारले, तरी बिघडत नाही.

स्वीडनने २०२३ मध्ये पुन्हा छापील पुस्तकांकडे मोहरा वळवला, मग आपण हा खटाटोप का करावा, असे कोणी शिक्षक परिषदेत म्हणेल. त्यांना सांग की तेथे कपाटे भरून पुस्तके आधीपासून आहेत. आपल्याकडे अजून ती व्हावयाची आहेत, आणि टॅबच्या निमित्ताने ग्रंथालयाची तरतूद कोणी कापू लागला तर मात्र तू कडाडून विरोध कर. शुद्धलेखन, पाढे आणि पत्रलेखन वहीतच होईल, हेही पालकसभेत स्पष्ट सांगून टाक. पालकांच्या निम्म्या शंका तेथेच मिटतील.

पत्र लांबले. येत्या रविवारी इकडे ये. पनवेल स्थानकावरून रिक्षा सहज मिळते. येताना टॅब, त्याचा चार्जर आणि टाचणवही तिन्ही आण, आणि अपूर्णांकांचा तो धडा मला सहावीतली विद्यार्थिनी समजून पूर्ण पस्तीस मिनिटे घे. मी मुद्दाम चुकीची उत्तरे देईन.

तुझी
आत्या