ओला खर्रा आणि सुकी पुडी

आपल्या नागपुरात पानठेल्यावर खर्रा घोटून देतात. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि भिजवलेला चुना पन्नीत घालून चांगले रगडतात. त्यामुळे खर्रा ओलसर असतो.

गुटख्याची पुडी सुकी असते. तीत सुपारी, तंबाखू, चुना, कात आणि वासाची द्रव्ये असतात. सुकी म्हणून ती पुष्कळ दिवस टिकते. राज्य सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली.

वर्गात आम्हांला पुष्कळ जण सांगतात, "गुरुजी, गुटखा वाईट. खर्रा तर आपल्यासमोर ताजा घोटतात. त्यानं काय होते?"

आपण नीट विचार करू. लाळ लागली की सुकी पुडीही ओलीच होते. दोन्हींत चुना आहे. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जाते. त्यानेच तलफ लागते. सुपारीने गाल आतून ताठर होतात. तिखट सोसत नाही. पुढे तोंडच उघडत नाही. घास जाईना होतो. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, सुपारीनेही होतो. मग ताजेपणाचा उपयोग काय?

आजच पाहा. आपली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घाला. ती जात नसतील, तोंडात पांढरा डाग किंवा न भरणारी जखम असेल, तर डॉक्टरांना दाखवा. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दुखण्याची वाट पाहू नका.

प्रश्न
१. खर्रा ओलसर का असतो?
२. चुन्यामुळे काय होते?
३. तुमची तीन बोटे तोंडात गेली काय?