टिपरी तोडली की डोळा का फुटतो?

ऊस बागायतदार बंधूंनो, श्रीपूर भागात आपण को ८६०३२ लावता. त्याच्या एका उसावरील प्रत्येक डोळ्यात जनुके तीच असतात. तरीही अखंड ऊस पुरला तर शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात, खालचे बरेचसे झोपून राहतात. जनुक म्हणजे पेशीला प्रथिन बनविण्याचा लेखी आदेश. तो वाचला गेला तरच काम होते. शेंड्याकडून येणारे ऑक्सिन हे संजीवक खालच्या डोळ्यांतील वाढीची जनुके दबवून ठेवते. टिपरी तोडताच हा दाब सुटतो. म्हणून दोन डोळ्यांचीच टिपरी करावी. कडाक्याच्या थंडीत मात्र पेशीचे काम मंदावते, उगवण लांबते. त्यासाठी वाणाला नावे ठेवू नयेत. बुडख्याचे जुने, टणक डोळे सावकाश फुटतात, ते बेण्यास टाळावेत.