६४ गुणांना हुकलं, ५४ गुणांना जमलं: युर्गन क्लॉपच्या हिशोबातून धंद्याचे धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘धंदा चालू ठेवू की बंद करू?’ हा प्रश्न घेतला होता. त्यातलं एक उदाहरण वेळेअभावी राहिलं, ते इथे देतो. उदाहरण फुटबॉलचं आहे, पण फुटबॉल कळत नसलं तरी काही अडणार नाही. बेरीज-वजाबाकी येते ना? मग झालं.

युर्गन क्लॉप हे नाव लिव्हरपूलमुळे सगळीकडे पोचलं. २०१९ ची चॅम्पियन्स लीग जिंकली आणि २०२० मध्ये त्या क्लबला ३० वर्षांनी इंग्लंडची लीग मिळवून दिली. पण आपल्या कामाचा भाग त्याच्या बराच आधीचा आहे, जर्मनीतल्या माइंझ या छोट्या क्लबमधला.

१. नोकरी करताना धंदा शिका

१९९० ते २००१ क्लॉप माइंझकडून दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला. ३२५ सामने, ५२ गोल. आधी फॉरवर्ड, मग बचावपटू. आपल्या पायात फार मोठी कला नाही, हे तो स्वतःच मोकळेपणाने सांगतो. पण खेळता खेळता त्याने फ्रँकफर्ट विद्यापीठातून क्रीडाशास्त्राची पदवी घेतली. शिवाय वोल्फगांग फ्रँक या प्रशिक्षकाचं काम जवळून पाहिलं. तेव्हा बरेच जर्मन क्लब ‘एका खेळाडूमागे एक माणूस’ या पद्धतीने बचाव करायचे. फ्रँकने माइंझला जागा वाटून घेऊन बचाव करायला शिकवलं.

तुमच्यापैकी अनेक जण आज दुसऱ्याच्या दुकानात कामाला आहेत. माल कुठून येतो, मार्जिन किती सुटतं, उधारी कशी वसूल होते, हे पगार घेताना फुकट शिकायला मिळतंय. शिकून घ्या.

२. गल्ल्यावर बसलात की लगेच सगळं बदलू नका

फेब्रुवारी २००१. क्लब खालच्या लीगमध्ये घसरायच्या बेतात होता. प्रशिक्षकाला काढलं आणि ३३ वर्षांच्या क्लॉपला, म्हणजे संघातल्याच खेळाडूला, जबाबदारी दिली. काल ज्यांच्याबरोबर खेळत होता, आज त्यांनाच सूचना द्यायच्या! त्याने नवीन काही आणलं नाही. फ्रँकची पद्धत पुन्हा सुरू केली. पहिल्या ७ सामन्यांत ६ विजय मिळाले आणि क्लब वाचला.

३. आता खरा हिशोब

त्या लीगमधून दरवर्षी पहिले तीन संघ वरच्या बुंडेसलीगात जायचे. माइंझचं काय झालं ते वहीत लिहून घ्या:

- २००१-०२: ६४ गुण, चौथा क्रमांक. एका गुणाने हुकलं.
- २००२-०३: ६२ गुण, पुन्हा चौथा. गुण सारखे, पण गोल फरकात एक गोल कमी पडला. आपला सामना माइंझने ४-१ जिंकला होता. तिकडे फ्रँकफर्टच्या संघाने शेवटच्या मिनिटांत गोल केले आणि जागा पटकावली.
- २००३-०४: ५४ गुण, तिसरा. इतिहासात पहिल्यांदा बुंडेसलीगात!

बघा, ६४ ला नाही मिळालं, ५४ ला मिळालं. कारण निकाल फक्त आपल्या मेहनतीवर ठरत नाही, समोरचे काय करतात त्यावरही ठरतो. तुमच्या गल्लीत नवं दुकान येतं, भाव पडतात, पाऊस लांबतो. म्हणून नफा-तोट्याच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवा. त्यात फक्त आपल्या हातातलं लिहा: परत येणारी गिऱ्हाइकं किती, पडून राहिलेला माल किती, अडकलेली उधारी किती.

दुसरी वही दर महिन्याला सुधारत असेल, तर तुम्ही माइंझसारखे दाराशी उभे आहात. थोडा धीर धरा. पण दोन्ही वह्या खाली जात असतील, तर त्याला चिकाटी म्हणत नाहीत. तो हट्ट झाला.

अजून एक फरक विसरू नका. क्लॉपला पगार चालू होता. तुमचं स्वतःचं भांडवल लागलंय, कधी घरच्यांचे दागिनेही. म्हणून ‘क्लॉप टिकला, मीही टिकेन’ एवढ्यावर कर्ज वाढवू नका.

४. थांबणंही शिका

२००७ मध्ये माइंझ पुन्हा खाली घसरला. २००८ मध्ये वर यायची संधी हुकली, तेव्हा क्लॉपने क्लब सोडला. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून १८ वर्षांचं नातं होतं! पुढे डॉर्टमुंडला २०११ आणि २०१२ अशी सलग दोन वर्षं जर्मनीचं विजेतेपद मिळवून दिलं. एक दुकान बंद झालं म्हणून दुकानदार संपत नाही, शिकलेलं सोबत येतं.

५. आपल्याला येत नाही ते दुसऱ्याकडून करून घ्या

२०१८ मध्ये लिव्हरपूलने फक्त थ्रो-इन शिकवायला डेन्मार्कचा थॉमस ग्रोनेमार्क हा प्रशिक्षक आणला. काहींनी खिल्ली उडवली. क्लॉपला मात्र त्या विषयातला जाणकार हवा होता. तुम्हाला जीएसटी जमत नसेल, तर रात्र रात्र जागू नका. महिन्याला ठरावीक पैसे देऊन जाणकार माणूस लावा.

गृहपाठ: मागच्या सहा महिन्यांची दुसरी वही आज रात्री लिहून काढा. आकडे अंदाजाने नको, बिलं समोर ठेवून. मग खाली दोन गोष्टी लिहा: अजून किती महिने थांबणार आणि जास्तीत जास्त किती रक्कम घालणार. घरच्यांना दाखवा आणि त्यांची सही घ्या.

वहीत काय निघालं ते कमेंटमध्ये कळवा. पुढच्या व्हिडिओत आपण उधारी वसुली घेणार आहोत. भेटूया!