शरीराला नावे ठेवू नका



उरुवेलेला सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षे देहदंड सोसला. पोटाला हात लावता पाठीचा कणा हाती लागे, असे मज्झिम निकायात वर्णन आहे. ही उपासमार त्यांनी स्वतःच निष्फळ ठरविली. सुजातेचे अन्न घेताच पाच परिव्राजक त्यांना भोगी म्हणून सोडून गेले. (पुढे सारनाथला पहिले श्रोते तेच!)

खाणाऱ्याला असे हिणवणे डोलवी-वडखळच्या घरांतही चालते. स्थळ पाहायचे ठरले की मुलीला ‘जाडी’, ‘खादाड’ म्हटले जाते. मग कोणी जेवण टाकते, कोणी चोरून भरमसाट खाऊन ओकते. पहिल्या आजाराला १८७३ साली विल्यम गल यांनी ॲनोरेक्सिया म्हटले. दुसरा, बुलिमिया, १९७९ मध्ये जेरल्ड रसेल यांनी वर्णिला. ही थेरे नव्हेत. मुलग्यांना होतात, अंगाने भरलेल्यांनाही होतात. म्हणून नुसत्या नजरेला कळत नाहीत. टोमण्यांनी मात्र बळावतात.

अशा मुलीला अष्टशीलाच्या निमित्तानेही उपाशी राहू देऊ नये. तिला प्रेमाने विचारावे, डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.