जिवंत मुलाचा शोक



घरात मृत्यू झाला की सारा धर्मग्राम धावून येतो. दफनविधीला माणसे जमतात, शेजारी जेवण आणून देतात, महिन्याची मिस्सा होते. परंतु दारू, जुगार, मारहाण ह्यांमुळे मोठ्या झालेल्या मुलाला घराबाहेर ठेवण्याची वेळ ज्या आईबापांवर येते, त्यांच्याकडे कोण जाते? मुलगा जिवंत असतो, पण जेवताना त्याची जागा रिकामी असते. सांत्वन तर दूरच, 'आई असून असे केले!' हा बोल मात्र ऐकावा लागतो.

हा प्रसंग एका संताच्या घरीही आला होता. संत ऑगस्टीन ह्यांचा जन्म इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तागास्ते गावी झाला. तरुणपणी ते पर्शियातील मानी ह्याच्या पंथाच्या नादी लागले. तेव्हा आई मोनिकाने त्यांना आपल्या घरात राहू देण्यास व आपल्या पंगतीला बसू देण्यास नकार दिला. हे ऑगस्टीन ह्यांनी स्वतःच 'कन्फेशन्स' ह्या ग्रंथात लिहिले आहे. पुढे एका स्वप्नाने धीर आला आणि तिने मुलाला परत घरात घेतले. त्याला समजवा, अशी विनवणी तिने एका बिशपांना केली. सध्या त्याला तसेच राहू दे, तू प्रार्थना कर, असे त्यांनी सांगितले. ३८३ साली मुलगा तिला फसवून रातोरात रोमला निघून गेला. ३८७ च्या पास्काच्या सणात मिलानमध्ये संत अँब्रोज ह्यांच्या हातून त्याचा स्नानसंस्कार झाला.

प्रत्येक घरी शेवट असा गोड होईलच असे आम्ही म्हणणार नाही. पण मोनिकाने दार लावले तेव्हाही तिचे प्रेम आटले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. संत थॉमस अक्विनास ह्यांच्या मते प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. दारूसाठी पैसे न देणे, मारहाण सहन न करणे, ह्यातही मुलाचे भलेच असते.

मग शोकाचे काय करावे? ह्याच संत थॉमस ह्यांनी दुःखावर साधे उपाय सांगितले आहेत. रडू आले तर रडावे. कोंडलेले दुःख अधिक पोळते. विश्वासाच्या माणसाजवळ मन मोकळे करावे. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभाही असतात. सत्याचे चिंतन करावे: मुलगा सज्ञान आहे, त्याला स्वतंत्र इच्छाशक्ती आहे, त्याच्या प्रत्येक निवडीचा दोष आपल्या माथी घेऊ नये. लहानसहान आनंद नाकारू नयेत. आणि अंघोळ व झोप ह्यांनाही त्यांनी उपाय म्हटले आहे! फाटकाच्या आवाजाकडे कान लावून रात्री जागवणाऱ्या आईने हे जरूर लक्षात ठेवावे.

धर्मग्रामस्थांनो, अशा घरी जा. चौकशी व उपदेश नको. थोडा वेळ नुसते जवळ बसा. आणि आईबापांनो, मिस्सा केवळ मृतांसाठी नसते. दुरावलेल्या जिवंत मुलाच्या नावानेही ती अर्पण करता येते. २७ ऑगस्टला संत मोनिकाचा सण असतो. त्या दिवसाची वाट पाहण्याचीही गरज नाही. ह्याच आठवड्यात त्याचे नाव आमच्याकडे द्या, आपण सारे मिळून ते वेदीवर ठेवू.